प्रत माहितीसाठी

"इंटरनेट ना? येतं की," असं साहेबांपुढे हेडक्लार्क एकदाच म्हणाले, तेही चहा पिता पिता. कप रिकामा व्हायच्या आत, सोमवारपासून सगळ्या ऑफिसला ईमेल शिकवायचं काम साहेबांनी त्यांच्या गळ्यात बांधलं. (त्यांना कॉम्प्युटर फक्त बंद करता यायचा, तोही भिंतीवरच्या बटणाने.)

ऑफिसात त्यांना 'शास्त्रीबुवा' म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या मसुद्यात कोणाला चूक सापडली नव्हती. आता माघार घ्यावी तर नाक कापलं जाणार. शेवटी त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या लेकीला शरण जायचं ठरवलं.

"ऑफिसातून मला एक पत्र पाठवा, बाबा," ती म्हणाली. "मनात येईल ते लिहा. हात बसेल."

शनिवारी शिपायाकडून कॉम्प्युटर सुरू करून घेऊन त्यांनी एका बोटाने तासभर खपून लिहिलं: 'चि. बाळ, मला यातलं ओ की ठो कळत नाही. साहेबांपुढे थाप मारून बसलो. कळत तर साहेबांनाही नाही, ते स्क्रीनकडे बघून नुसती मान डोलावतात. आईला सांगू नकोस, तिच्यापुढे फार ऐट केली आहे.'

खरं लिहिल्यामुळे त्यांना हलकं वाटलं. पण त्यांच्या टेबलावरून आजवर एकही पत्र प्रतींशिवाय गेलं नव्हतं. 'प्रत' असा रकाना दिसताच हात आपोआप चालला: साहेब, भांडार, टपाल, आस्थापना. एक अक्षर दाबलं की पूर्ण नाव हजर होत होतं, त्याचं त्यांना कौतुकच वाटलं. वरचा पत्त्याचा रकाना त्यांनी मोकळा सोडला. पत्ता घालणं हे जावक कारकुनाचं काम.

पाच मिनिटांत भांडारपाल दारात उभे.

"शास्त्रीबुवा, वहिनींपुढे ऐट ती काय केलीत?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं हेडक्लार्कांना वाटलं. घाईघाईने त्यांनी दुसरं पत्र सोडलं: 'मागील पत्र नजरचुकीने गेले आहे. ते वाचू नये.' प्रत, अर्थातच, सगळ्यांना. त्यामुळे ज्यांनी पहिलं उघडलं नव्हतं त्यांनीही शोधून वाचलं.

मग साहेबांनी बोलावलं. हेडक्लार्क मान खाली घालून उभे राहिले. असं ते शाळेनंतर प्रथमच उभे होते.

"मसुदा निर्दोष आहे," साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली. डोलावताना मध्येच थांबले. "आता हे बंद कसं करायचं तेवढं सांगा."

हेडक्लार्कांनी वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं.

संध्याकाळी ते चोरासारखे घरात शिरले. लेक दारातच होती.

"बाबा, दिवसभर वाट पाहिली. मला तुमचं पत्र आलंच नाही."

"मला पोचलं," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "भांडारपालांच्या बायकोने फोनवर वाचून दाखवलं. ऐटीचा भाग तेवढा मी दोनदा वाचायला लावला."