काचेच्या समुद्रात निळोजीराव सोडिले त्याची हकीकत

श्री वरुणदेव साक्ष. जे जाहले ते पाण्याने पाहिले, म्हणोन झाकण्यात अर्थ नाही. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, एका राज्यात ही गोष्ट घडली. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य एरवी चांगले होते. त्यास डोंगर होते, नदी होती, बोलका दिवाण होता, फक्त समुद्र नव्हता, आणि शेजारच्या राज्यास होता. हे शल्य श्रीमंतांचे मनी फार सलत असे. मग श्रीमंतांनी दरबाराचे मधोमध काचेचा समुद्र करविला, आणि बैलांवर पखाली घालोन किनाऱ्याहून खारे पाणी आणविले, आणि त्यात पोवळी व झिंगे व नाना रंगांचे मासे सोडिले, आणि एकेका माशास नाव व मानपान देऊन दरबारी करून घेतले. त्यांत केशरबाई म्हणोन नारिंगी मासोळी आईसाहेबांची लाडकी. आईसाहेब काचेस बोट लावीत तेथे ती येऊन उभी राही. वैधव्य आल्यापासून आईसाहेब माणसांशी थोडे आणि केशरबाईशी पुष्कळ बोलत.

या समुद्रावर कोनेरपंत दरोगे होते. गृहस्थ विद्वान. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून मीठ उणे की अधिक ते सांगत. पंतांनीच कायदा केला होता की, परमुलखातून आलेला मासा थेट समुद्रात जाणे नाही. त्याने आधी देवडीवरील वेगळ्या टाकीत मुक्काम करावा, त्याचे जाळे वेगळे, तांब्या वेगळा, आणि त्या टाकीत बुडालेला हात कोरडा जाहल्याविना समुद्रात बुडू नये. दिवाण रखमाजीराव हसोन म्हणाले, "पंत, आता माशालाही सोवळे?" पंत म्हणाले, "सोवळे कसले दिवाणजी! पाहुणा वर्दी देऊन येतो, त्याच्याबरोबरचा रोग देत नाही." हे वाक्य तेव्हा दरबारी फार नावाजले गेले, आणि पंतांसही ते आवडले.

पुढे शेजारच्या राज्याने नजराणा म्हणोन एक निळा मासा पाठविला. त्यास निळोजीराव नाव देऊन देवडीवर ठेविला. थोडक्याच दिवसांत त्याचे अंगी मीठ शिंपडावे तैसे पांढरे दाणे दिसो लागले आणि तो दगडास अंग घासू लागला. आईसाहेब पाहावयास आल्या आणि पुसत्या जाहल्या, "हे काय हो पंत, देवी आल्या की काय?" मग पंतांनी मोठ्या हौसेने समजाविले की, हे कातडीत रुतलेले किडे आहेत. पोट भरले की आपोआप गळून तळाशी जातात, आणि तेथे कोश करून बसतात, आणि एकाचे शेकडो होऊन पुन्हा माशावर चढतात. "म्हणोन आईसाहेब, दाणे दिसतात त्या दिवसांचे भय नाही. दाणे गेले, ते दिवस फसवे." आईसाहेब म्हणाल्या, "हे लक्षात ठेवीन." आणि त्यांनी ठेविले.

मग पंतांनी तांब्याचे, म्हणजे मोरचुदाचे, औषध थेंबाथेंबाने मापोन घातले, कारण उणे पडले तर किडा मरत नाही आणि अधिक पडले तर मासा मरतो. निळोजीरावाचे दाणे गेले, तो खाऊ लागला, निळा रंग उजळला. औषध पुरते व्हावयास अजून बराच अवकाश होता. इतक्यात शेजारचा वकील भेटीस निघाल्याची बातमी आली. दिवाणजी धावत आले आणि म्हणाले, "त्यांचा नजराणा आपण देवडीवर बसविला, हे वकिलाने पाहिले तर तिकडे काय लिहील? मासा बरा आहे ना?" पंत म्हणाले, "बरा दिसतो, परंतु..." श्रीमंतांनी परंतु ऐकिले नाही. "दिसतो ना? झाले तर! पंत, रोगावर फत्ते केलीत. शेला आणा. नगारा वाजवा."

आता या राज्याची चाल ऐसी की, ज्या गोष्टीचा नगारा वाजला ती जाहली. त्यावर पुन्हा बोलणे नाही. पंतांचे तोंड उघडलेलेच होते, एक वाक्य बाहेर पडावयाचे होते, इतक्यात भरजरी शेला खांद्यावर आला. शेला फार मऊ होता. पंतांनी तोंड मिटले. निळोजीराव समुद्रात सोडिले, नगाऱ्याने काच थरथरली, आणि शेल्याचा पदर सावरता सावरता पंतांस निळोजीरावाचे शेपटीवर एक पांढरा दाणा दिसला. पंत मनात म्हणाले, हवेचा बुडबुडा असेल. बुडबुडा कैसा असतो हे राज्यात एकट्या पंतांसच ठाऊक होते.

वकील आला, पाहून गेला. मग केशरबाई दगडास अंग घासू लागली. आईसाहेब पुसत्या जाहल्या. पंत म्हणाले, "नवा पाहुणा आला म्हणोन रुसली असेल." आईसाहेब म्हणाल्या, "मी सासरी पुष्कळ रुसले पंत, अंग घासत फिरले नाही." पंत हसले, आणि ते हसणे त्यांस घरी जाऊनही पचले नाही. बायकोने शेला घडी करून फडताळात ठेविला होता, तो त्यांनी तीन वेळा उलटा करोन ठेविला, तरी जरीची किनार दिसतच राहिली. दुसरे दिवशी केशरबाईस धाप लागली. तिचे कल्ले भात्यासारखे चालत, आणि अंगावर दाणे मोजवेनात. तिच्यासंगे बाकीचे दरबारीही ठिपक्यांनी भरले.

पंत दिवाणजींकडे गेले. दिवाणजी म्हणाले, "मग समुद्रातच टाका औषध, गुपचूप." पंत म्हणाले, "तांब्याने पोवळी आणि झिंगे मरतील. सगळे मासे देवडीवर न्यावे लागतील आणि समुद्र बहुत दिवस रिकामा ठेवावा लागेल, म्हणजे तळाचा किडा उपाशी मरेल." दिवाणजी म्हणाले, "सांगू, मासे मोहिमेवर गेले. तुमचा शेलाही राहील." तोड अशी सुरेख होती की पंतांचे जिभेवर होय आलेच होते. परंतु पलीकडे आईसाहेब काचेस बोट लावोन बसल्या होत्या, आणि केशरबाई बोटापर्यंत येऊ पाहे आणि अर्ध्यातून खाली बसे. पंत म्हणाले, "मासे आत्ता हलवितो. आणि दिवाणजी, नगारा वाजवावा लागेल. माझी चूक जाहली त्याचा."

मासे हलवून पंत शेला अंगावर घेऊन नगारखान्यात गेले. दावल नगारची म्हणाला, "वाजवितो पंत, पण ठेका कोणता? फत्तेचा आहे, जन्माचा आहे, स्वारी आल्याचा आहे. चुकीचा आजवर कोणी मागितलाच नाही." पंत म्हणाले, "जो येतो तो वाजीव." दावलाचा हात फत्तेच्या ठेक्यावर बसलेला, तोच वाजला. मग रयत चौकात जमली, आणि पंत घसा फोडोन सांगो लागले की, मासा बरा नव्हता, मला ठाऊक होते, मी बोललो नाही; आणि नगाऱ्यात कोणास अक्षर ऐकू आले नाही. एकाने हार घातला, दुसऱ्याने पेढा तोंडात कोंबला, कोणी म्हणाले, "पंत, पुन्हा फत्ते! वा!" पेढा तोंडात असता पंत उभे राहिले. गिळवेना, थुंकवेना.

तैसेच ते देवडीवर आले. आईसाहेब टाकीपाशी होत्या. पंतांनी गळ्यातला हार काढिला, तो ठेवावयास जागा सापडेना. आईसाहेब वळल्या नाहीत. म्हणाल्या, "पंत, पहिला दाणा केव्हा पाहिलात?"

पंत म्हणाले, "शेला खांद्यावर पडत होता तेव्हा."

"दाणे गेले ते दिवस फसवे, हे तुम्हीच शिकविले होते ना?"

"होय."

"मी ते लक्षात ठेविले होते हो. तुम्ही म्हणालात रुसली, तेव्हा तुमचेच शिकविणे खोटे धरिले. तुम्ही कसे चुकाल, म्हणोन."

मग पंतांनी टाकीत पाहिले. उजेडास केशरबाई दचकत होती, म्हणोन त्यांनी खांद्यावरचा शेला काढिला आणि टाकीवर झाकण म्हणोन घातला. त्या अंधारात ती उजाडेतो गेली.

सारांश, बाकीचे मासे औषधाने वाचले, निळोजीरावही वाचले. समुद्र रिकामा राहिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास मासे मोहिमेवर असल्याचे सांगण्यात येई, ते लोकांस पटे. चुकीचा ठेका बसवावा म्हणोन पंतांनी श्रीमंतांस तीनदा अर्ज केला. श्रीमंत म्हणाले, लागेल तेव्हा पाहू. आईसाहेब पंतांशी पुढेही नीट बोलत, फक्त माशांविषयी काही पुसत नसत. कळावे.