सात नंबरची शिडी

कुठलीही गोष्ट समोर आली की विनीत परबचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "यातलं काय काढून टाकता येईल?" परळला एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत त्याचं ऑफिस होतं. कंपनीने स्वतःपुरती एक प्रोग्रॅमिंगची भाषा बनवली होती आणि तिच्या पोटातला पसारा आवरायचं काम गेले सहा महिने विनीतकडे होतं. शनिवारी दुपारी बारा वाजता ते त्याच्या वरिष्ठांपुढे, म्हणजे आकांक्षापुढे मांडायचं होतं. तिने हो म्हटलं तर बदल त्याच दिवशी भाषेत जाणार आणि टीम विनीतच्या हाताखाली येणार. नाही म्हटलं तर सहा महिने पाण्यात. पण ती नाही म्हणेल, हे त्याच्या स्वप्नातही येत नव्हतं.

काम समजायला सोपं होतं. प्रोग्रॅमने फाइल मागितली की भाषा त्याला एक नंबर देते. काम संपलं की नंबर परत करायचा, म्हणजे फाइल बंद होते आणि तोच नंबर पुढच्या कोणाला मिळतो. आधीच्या मंडळींनी प्रत्येक नंबराशेजारी तो कितव्या खेपेला दिलाय हेही लिहिलं होतं आणि परत घेताना ती खेप जुळते का ते तपासलं जाई. विनीतने ही खेपेची भानगड, चांगल्या दोनशे ओळी, उडवून लावली. सात म्हणजे सात, असं त्याचं सरळ म्हणणं होतं.

उदाहरण जिवंत हवं म्हणून त्याने हाच प्रयोग डिलाईल रोडवरच्या आपल्या चाळीत लावला. मंडळाचे टोप, सतरंज्या, शिडी वगैरे सामान चाळकऱ्यांना वापरायला मिळे आणि त्याच्या वहीत नाव, खोली, तारीख, सही असा सगळा थाट असे. विनीतने वही बंद केली. आता फोनवर यादी. वस्तू घेतली की मोकळा असेल तो सगळ्यात लहान नंबर मिळणार. काम झालं की "सात परत" एवढंच लिहायचं. मग यादीत ती वस्तू हिरवी, म्हणजे मोकळी, होई आणि ज्याला हवी त्याने ती असेल तिथून उचलावी. सहीसाठी तळमजल्यावर उतरावं लागत नाही म्हणून मंडळी खूश होती.

शनिवारी सकाळी नलूकाकूंनी मोठा टोप धुऊन "सात परत" लिहिलं. मोकळा झालेला सात नंबर शिडीला लागून शिडी रामजीकाकांकडे गेली. ते माळ्यावर चढले आणि जुन्या ट्रंकेत डोकं घालून बसले.

बाराला विनीत घरूनच मीटिंगला बसला. पडद्यावर चाळीची यादी लावून त्याने अकरा जणांना सगळं समजावलं.

"आणि एकच नंबर दोनदा परत आला तर?" आकांक्षाने विचारलं.

"कोण करेल असं? परत केलेली वस्तू शहाणा माणूस पुन्हा परत करतो का?"

तेवढ्यात दारात नलूकाकूंचे यजमान हेमचंद्रकाका उभे राहिले. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा हा माणूस.

"विनीत, टोपाचं सात परत टाकलंय हां मी."

"काकूंनी सकाळीच टाकलंय, काका."

"तिने टाकलं असेल रे. पण नोंद राहून जायला नको, म्हणून मीपण टाकलं."

पडद्यावर सात नंबरची शिडी हिरवी झाली. "बघा, शिडीसुद्धा वेळेवर परत आली," विनीत अभिमानाने म्हणाला. लगेच ती शेजारच्या पुष्करने पंखा पुसायला मागितली, सात नंबर त्याच्या नावावर गेला आणि ट्रंकेत डोकं घातलेल्या रामजीकाकांच्या नकळत त्याने शिडी उचलून नेली. मिनिटभरात विनीतचा फोन वाजला.

"विनीता, मी माळ्यार आसय आणि खालची शिडी नाय."

"काका, यादीत तर तुम्ही ती परत केलीय."

"मी वर, शिडी खाली. परत करूक मी काय उडी मारलंय?"

विनीतने थोडं थांबायला सांगितलं. पण रामजीकाका सरळ माणूस. शिडी आपल्याकडे नाही तर नंबर तरी आपल्या नावावर कित्याक, असा विचार करून त्यांनी माळ्यावरूनच "सात परत" लिहून टाकलं. शिडी पुन्हा हिरवी झाली आणि तळमजल्यावरच्या दीपिकाने ती मागून घेतली.

आता गॅलरीत आवाज चढले. विनीत लॅपटॉप हातात धरूनच बाहेर आला, त्यामुळे मीटिंगही बाहेर आली. पुष्करच्या खोलीत पुष्कर शिडीच्या वरच्या पायरीवर, पंख्याचं पातं धरून. खाली दीपिका, एक हात शिडीला आणि दुसऱ्यात फोन.

"अगं, मी वर आहे," पुष्कर म्हणाला.

"यादीत नाहीस. उतर ना यार, खाली घरी पाहुणे येतायत."

मीटिंगमधलं कोणीतरी हसलं. आकांक्षा हसली नाही. "विनीत, तुझी यादी अजून सगळं बरोबरच दाखवतेय ना?" तिने विचारलं.

दाखवत होती. तेच वाईट होतं. ही माणसं होती म्हणून ओरडली तरी. प्रोग्रॅम ओरडला नसता, एकाचा हिशेब गुपचूप दुसऱ्याच्या फाइलीत लिहून मोकळा झाला असता. विनीतला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हुशारीची लाज वाटली.

"आकांक्षा, आज हे टाकू नकोस," तो म्हणाला. "खेप लागते. मी ती काढायला नको होती."

"सोमवारी बोलू," एवढं म्हणून तिने मीटिंग संपवली. विनीतने पुष्करला उतरवलं, दीपिकाला दहा मिनिटं मागितली आणि शिडी रामजीकाकांच्या माळ्याला लावली.

रविवारभर बसून त्याने खेप परत आणली. यावेळी दोनशे ओळींचं काम चाळीस ओळींत झालं. सोबत एक चाचणीही लिहिली: एक माणूस वर आहे, जुना नंबरवाला कोणीतरी येऊन तो नंबर पुन्हा परत करतोय, आणि शिडी जागची हलता कामा नये. सोमवारी आकांक्षाने ओळ न् ओळ वाचली आणि टीम त्याच्या हाताखाली दिली. "चूक सगळ्यांसमोर कबूल करणारा माणूस मला इथे हवा होता," ती म्हणाली.

संध्याकाळी विनीत रामजीकाकांकडे गेला. "काका, आमच्या ऑफिसात तुमचं नाव लागलंय. कोणी काही बदललं की आधी रामजी चाचणी चालवायची. रामजी नीट उतरला तरच पुढचं काम."

"माजा नाव?" काकांना बरं वाटलेलं दिसलं. "म्हणजे माका रोज चढूचा लागता?"

"दिवसातून चाळीसदा."

काकांनी गुडघ्यावरून हात फिरवला आणि थोडा विचार केला.

"आणि शिडी कोण धरता?"

"मी," विनीत म्हणाला.