बारा पस्तीसच्या अक्षता

नगरजवळ भिंगारला राहायला आलो त्याच आठवड्यात, भर दुपारी बारा पस्तीसला, माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या. मी अंगणात स्कूटर पुसत होतो. पाठोपाठ वरून खणखणीत आवाज आला, "शुभमंगल सावधान!" वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक गृहस्थ उभे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. बाकी ना मांडव, ना नवरा-नवरी.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"अमरावतीचं हाय. पोरगी लई गुनाची!" एवढं सांगून गृहस्थ आत गेले.

हे रोकडे अण्णा. मूळचे पारनेरचे. नगरच्या एका छापखान्यात त्यांनी कंपोझिटर म्हणून हयात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली. छापखाना बंद पडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, अण्णा आता ओट्यावर बसून पेपर वाचतील. अण्णांनी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. नातवंडं शोभतील अशा मुलींच्या शेजारी बसून शिकले आणि आता ते इंटरनेटवर लग्नपत्रिका विकतात. तिथे एक बाजार आहे. अण्णा नक्षी करून ठेवतात, गिऱ्हाईक ती निवडून आपला मजकूर भरतं, अण्णा तो तपासून मंजूर करतात, आणि मागाल तितक्या प्रती, अगदी एकसुद्धा, दूर कुठल्याशा कारखान्यात छापून परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी जातात. अण्णांना ना गिऱ्हाईक दिसतं, ना कागद. आयुष्यभर शाईने हात काळे केलेल्या माणसाला हे फार लागतं.

"मास्तर, वास न्हाई घेतला तर काय छापलं?" ते मला म्हणत. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून मी मास्तर.

कागद दिसत नाही, पण लग्न आपलंच, असं त्यांचं साधं गणित होतं. "म्या पत्रिका जुळवली, म्हंजी मला आवतन हायच." म्हणून प्रत्येक पत्रिकेचा मुहूर्त ते कॅलेंडरवर लिहून ठेवत आणि त्या मिनिटाला टोपी घालून गॅलरीत हजर होत. चड्डीबद्दल मी एकदा भीतभीत विचारलं. "वऱ्हाडाला कठड्याच्या वरचंच दिसतं," ते म्हणाले. लग्नसराईत माझ्या स्कूटरवर इतक्या अक्षता पडत की अंगणातल्या चिमण्या बाळसं धरू लागल्या होत्या.

अण्णांचं दुसरं वेड म्हणजे मजकूर. अपुरा मजकूर ते मंजूर करत नाहीत म्हणजे नाहीत. गिऱ्हाइकाला साइटवरून निरोप जातो, 'नवरीच्या आईचं नाव कुठं हाय?' किंवा 'कार्यालयाचं नाव दिलं, पर गावात शिरल्यावर कुठं वळायचं?' लोक चिडतात. तो बाजार चालवणाऱ्यांनीही एकदा समज दिली होती. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "पावना चुकला तर पाप कंपोझिटरचं."

ह्याच्या मागे एक जखम आहे. छापखान्यात उमेदवारी करताना त्यांनी एका पत्रिकेवर नुसतं 'बेलापूर' जुळवलं होतं, श्रीरामपूर तालुका घालायचा राहिला. नवरदेवाचे मुंबईचे मित्र नवी मुंबईच्या बेलापुरात दुपारभर मांडव शोधत उपाशी हिंडले. ते उपाशी मित्र अण्णांच्या घशात अजून अडकलेत.

त्याहून मोठी जखम घरातच होती. अण्णांची एकुलती मुलगी सुजाता. तिची आई लवकर गेली, अण्णांनीच तिला वाढवलं. ती दहावीत असल्यापासून तिच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या डोक्यात तयार होती, काठाला शेवंतीची वेल आणि मध्ये आईचं नाव. सुजाताने नाशिकला रजिस्टर लग्न ठरवलं आणि मोबाईलवर कळवलं. पत्रिका कशाला, म्हणाली, दहाच तर माणसं. अण्णा अडून बसले. "बिनपत्रिकेच्या लग्नाला म्या जात न्हाई." आणि खरंच गेले नाहीत. तेव्हापासून बापलेकीत अबोला. जगाच्या लग्नांवर अक्षता टाकणाऱ्या ह्या माणसाने पोटच्या पोरीवर दाणा टाकला नाही, ह्याचा मला रागही येई आणि वाईटही वाटे.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी अण्णा लॅपटॉप पोटाशी धरून खाली आले. चेहरा उतरलेला. पडद्यावर एक ऑर्डर होती. बारशाची पत्रिका. 'आमच्या कन्येचा नामकरण सोहळा', रविवार, सकाळी अकरा. निमंत्रक, सौ. सुजाता व श्री. निखिल. प्रती, एक.

नात झाल्याचं आजोबांना ऑर्डरवरून कळत होतं.

"ह्ये बघा," अण्णांनी बोट ठेवलं. कार्यस्थळाचा रकाना कोरा होता.

"मग नेहमीसारखा निरोप टाका."

"काय लिवू? प्रिय ग्राहक?"

मला हसू आलं आणि लगेच आवरलं. साइटच्या नियमाने उत्तराला दोन दिवसांची मुदत होती, नाही तर ऑर्डर रद्द. दोन्ही दिवस अण्णा वर-खाली करत राहिले. पत्त्याविना पत्रिका सोडवत नव्हती, पत्ता विचारवत नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी मी रागावूनच म्हणालो, "अण्णा, आता पाहुणा चुकला तर पाप कुणाचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि नंबर दाबला. पाठच होता. अण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो, पत्रिकावाले बोलतोय. मजकुरात कार्यस्थळ ऱ्हायलंय."

पलीकडून सुजाताचा आवाज आला, "राहिलं नाही, अण्णा. मुद्दाम ठेवलंय. अपुरा मजकूर तुम्ही सोडत नाही, माहीत होतं मला."

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "आन् प्रत येकच?"

"बाकीच्यांना मोबाईलवर कळवलंय. एक भिंगारला यायचीय."

"पिनकोड नीट घातलास का?"

"घातला."

"मग पत्ता सांग." त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. "गावात शिरल्यावर कुठं वळायचं?"

"कुठंच वळू नका. स्टँडवर उतरा. मी घ्यायला येते."

अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याच खुर्चीत बसून पोरासारखे रडले. मी चहा टाकायला आत गेलो. मलाही जरा आडोसा हवा होता.

त्या रात्री त्यांनी कार्यस्थळाच्या रकान्यात 'नाशिक स्टँड' भरलं, काठाला शेवंतीची वेल घातली आणि पत्रिका मंजूर केली. पुढे आठ-दहा दिवस ते कुरिअरवाल्याची वाट पाहत फाटकाशी उभे असत. पाकीट आलं तेव्हा त्यांनी आधी पत्रिकेचा वास घेतला, मग वाचली. इतक्या पत्रिका केल्या, पण त्यांच्या नावावर आलेली ही पहिलीच.

शनिवारी नाशिकची एसटी धरायला निघाले ते धुतलेल्या पँटीत. जाताना माझ्या हातात कागदाची पुडी आणि आपली टोपी दिली.

"उद्या सांगलीचं लगीन हाय, बारा पस्तीसला. पोराला वडील न्हाईत. इसरू नका, मास्तर."

रविवारी मी वर गेलो. घड्याळात मिनिट पाहिलं, टोपी घातली, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना पाहिलं आणि शुभमंगल म्हणून माझ्याच स्कूटरवर अक्षता टाकल्या. मूठभर मागे ठेवल्या होत्या. नाशिक कोणत्या दिशेला ते मला नीट ठाऊक नाही. अंदाजाने तिकडे तोंड केलं आणि त्याही टाकल्या.