गप्प बसण्याचा बोंबील

धोंडिराम परबांनी कांजूरमार्गच्या एका औषध कारखान्यात तेवीस वर्षं सुपरवायझरकी केली, आणि तेवढ्या वर्षांत आपल्यापुढे एकाही माईच्या लालाने आवाज चढवला नाही, असं ते कुणालाही सांगत. ऐकणारा सापडला तर. निवृत्तीनंतर तो सापडेनासा झाला होता. बायको रुक्मिणी गणपतीपुरती म्हणून कणकवलीला गेली ती तिथेच रमली. मुलगा केतन आणि सून रश्मी भांडुपच्या त्याच फ्लॅटमध्ये राहत, पण दोघांच्याही कानांत कायम काहीतरी खुपसलेलं. परब बोलू लागले की केतन "हं" म्हणायचा, आणि तोही वाक्य संपायच्या आधीच.

उत्तर देणारा एकच उरला होता, बाबल्या. परबांनी नाल्याकाठून पिशवीत घालून आणलेला, एक कान मोडका कुत्रा. "काय रे बाबल्या, बरोबर मां?" असं विचारलं की तो "भॉ" करी. परबांना आयुष्यात इतकी मन लावून दाद कुणी दिली नव्हती.

पण बाबल्या दाराच्या बेललाही तशीच दाद देई, आणि ती सहा मजले ऐकू जाई. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास खरात नोटीस घेऊन आले. पंधरा दिवसांत भुंकणं थांबवा, नाहीतर कुत्रा हलवा.

"गोराईला माझ्या मित्राची वाडी आहे," केतन लगेच म्हणाला. "तिथे देऊन टाकू. मोकळा राहील तो."

"खबरदार," परब म्हणाले. "पंधरा दिवस कशाक? माका आठ पुरे. चाळीस माणसांना शिस्त लावलीय मी. हा तर एकटा जीव."

पहिले दोन दिवस परब बेल वाजली की "गप रव!" म्हणून ओरडले. बाबल्याला वाटलं, मालकही आपल्याबरोबर भुंकतायत. त्याला भलताच हुरूप आला.

तिसऱ्या दिवशी परबांनी गावाहून आलेले सुके बोंबील काढले, भाजले आणि तुकडे करून सदऱ्याच्या खिशात भरले. आता ते स्वतःच बाहेर जायचे, स्वतःची बेल वाजवायचे आणि धावत आत यायचे. बाबल्या भुंकायचा. श्वास घ्यायला थांबला की परब त्याच्या तोंडात बोंबील घालायचे. दिवसातून चाळीस वेळा. समोरच्या दर्शनाबाई आपलीच बेल समजून दार उघडत आणि वासाने नाक धरून बंद करत. संध्याकाळपर्यंत बाबल्या दोन भुंकण्यांत गप्प व्हायला शिकला. परबांनी मोठ्या अभिमानाने रुक्मिणीला फोन लावला.

"बोंबील संपवलात काय?" एवढंच विचारून तिने फोन ठेवला.

पाचव्या दिवसापासून बाबल्या कुकरच्या शिट्टीला भुंकू लागला. मग लिफ्टला, मग रश्मीच्या शिंकेला. दोनदा भुंकायचं, गप्प व्हायचं आणि परबांसमोर तोंड उघडून बसायचं. रश्मीने कानातलं काढलं.

"बाबा, तो आता गप्प बसायला मिळावं म्हणून भुंकतोय."

परबांनी "हं" म्हटलं.

आठव्या दिवशी ते खिसा फुगवून बाबल्याला खरातांकडे घेऊन निघाले. बोंबलाच्या वासाने बिल्डिंगखालची पाच कुत्रीही मागोमाग जिना चढली. परबांनी ऐटीत बेल दाबली. खरातांनी दार उघडलं. बाबल्या दोनदा भुंकला, गप्प झाला, बोंबील खाल्ला.

"बघितलंत?"

"अहो, पण भुंकला ना."

"गप्प किती पटकन झाला ते बघा की."

तोवर बाबल्याने ओळखलं होतं की आज मालकाचा हात सढळ आहे. बेलची वाट न बघता तो पुन्हा भुंकला, गप्प झाला, तोंड उघडलं. मागच्या पाचांनी हा व्यवहार नीट पाहिला आणि त्यांनीही सुरुवात केली. जिन्यात सहा कुत्री पाळीपाळीने भुंकत आणि गप्प होत होती. परब घामाघूम होऊन बोंबील वाटत होते.

"परब," खरात म्हणाले, "पंधरा दिवसांचं विसरा. येत्या रविवारी कुत्रा इथे दिसता कामा नये."

परबांना त्या रात्री जेवण गेलं नाही. केतनला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने कुत्र्यांना शिकवणारी एक मुलगी बोलावली. अपूर्वा तिचं नाव. तिने अर्धा तास नुसतं बघितलं.

"कुत्रा हुशार आहे. घोळ काकांचा आहे," ती म्हणाली. "तो भुंकतो, कारण त्याला उत्तर मिळतं. भुंकला की बघायचं नाही, बोलायचं नाही, सरळ पाठ फिरवायची. चटईवर शांत पडला असेल तेव्हाच खाऊ. आणि काका, प्रश्न विचारून त्याला भुंकायला लावता ना, ते आधी बंद."

तिनेच खरातांकडून महिन्याची मुदत मागून घेतली. परबांनी महिनाभर नियम पाळले. बाबल्या "भॉ" करून आशेने बघायचा आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. तो गोराईला जाण्यापेक्षा हे परवडलं. महिन्याने खरातांनी तीनदा बेल वाजवली. बाबल्याने चटईवर जांभई दिली. नोटीस रद्द झाली.

संध्याकाळी परब खुशीत त्याच्याशेजारी बसले. "जिंकलो रे बाबल्या. आता खयच जाऊचा नाय तुका. बरोबर मां?"

बाबल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, उठला आणि पाठ फिरवून पडला.

हे शिकायला त्याला महिना लागला होता. घरातल्या बाकीच्यांना ते कुणी शिकवलंही नव्हतं.