सोमवारचं खोगीर

घोड्याला कुणी ‘नीट बस’ म्हणून सांगतं का हो? घोड्यावर बसलेल्या माणसाला सांगतात. आणि शरणप्पा अण्णाच्या घोडीवर तर कुणीच बसलेलं नव्हतं.

मंठाळला बदली होऊन मला चारच दिवस झाले होते. सोमवारची सकाळ होती. मी ओसरीच्या पायरीवर राखुंडीनं दात घासत उभा होतो. समोरून एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस घोडीचा लगाम धरून पायी आला. घोडीच्या पाठीवर खोगीर, खोगिराच्या पुढच्या अंगाला बांधलेली कापडाची चुंबळ आणि चुंबळीत काठोकाठ भरलेला पितळी तांब्या. बाकी खोगीर रिकामं. त्या रिकाम्या खोगिराकडं मान वळवून तो म्हणाला, “नीट बस की. आन् पदर आवर, म्होरं बाभळ आलीया.”

माझ्या तोंडातलं राखुंडीचं पाणी मी तिथल्या तिथं गिळलं.

हा माझा शेजारी. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी-कन्नड आलं होतं, आणि तेवढ्यासाठी उदगीरहून मला गणिताचा मास्तर म्हणून इकडं धाडलं होतं. घर मिळालं ते नेमकं शरणप्पाच्या भिंतीला भिंत लावून. गावात ज्याच्या त्याच्या दारात बैल. ह्याच्या दारात एक घोडा नि एक घोडी. घोडा नवाब आणि घोडी मल्लिगी. बैल होते म्हणे पूर्वी, त्यानं देऊन टाकले.

नवाब आळशी होता. निजामीत शरणप्पा पहाटेच ओरडायचा, “ऊठ रं नवाबा, किती खाशील, फुकट्या!” एका पोलीस जवानानं ते ऐकलं आणि ह्याला दिवसभर चावडीत उभं केलं. घोड्याचं नाव आहे हे पटवायला शेवटी नवाबाला चावडीत न्यावं लागलं, तर तो तिथं आडवाच झाला. आता तसं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. शरणप्पा उसासा टाकायचा, “शिवी द्यायला बी मजा ऱ्हायली न्हाई, मास्तर.”

जनावरांशी तो तीन भाषांत बोले. हुकूम दखनीत, लाड कन्नडात आणि शिव्या मराठीत. मी जरा दुखावून कारण विचारलं, तर म्हणाला, “मराठीतली शिवी घोड्याला लौकर लागतीय.”

त्याचा आठवडा घोड्यांचा होता. त्यातून वेळ उरला तर त्याचा. मंगळवारी खूर कोरायचे, त्या दिवशी माणसांशी बोलणं बंद. बुधवारी हुलगे शिजवायचे आणि आधी स्वतः चाखायचे. माझी बायको इंदू हिनं एकदा वांग्याची भाजी पाठवली, तर वाटी परत करताना म्हणाला, “मीठ कमी हाय, पर नवाबाला चालंल.” इंदू आठ दिवस फणफणत होती. गुरुवारी खरारा, तो इतका वेळ की मल्लिगीला झोप लागायची. रविवारी ओढ्यावर दोघांना आंघोळ. जमलं तर तिसरी आंघोळ शरणप्पाची. आणि रोज सकाळी मल्लिगीला चाल शिकवणं. तीही एकच, रवाल. रवाल म्हणजे घोड्याची अशी सपाट, बिनधक्क्याची चाल की वर बसणाऱ्याला चाललोय हे कळूच नये. मल्लिगीचं पाऊल जरा जोरात पडलं की हा थांबायचा, तिचा कान धरायचा आणि म्हणायचा, “पोटातलं पाणी हलाय नगं!”

हे त्याचं सगळ्या जगाचं माप होतं. मी शाळेला घाईनं निघालो की भिंतीपलीकडून आवाज, “सावकाश मास्तर, पोटातलं पाणी हलाय नगं.” हमरस्त्यावरच्या मन्नाएखेळ्ळीला जाऊन त्यानं पहिल्यांदा बस पाहिली आणि नापास केली. नवं सरकार कसं वाटतं म्हणून विचारलं, तर बराच विचार करून म्हणाला, “धक्के लई द्यायलंय.”

इथवर सगळी गंमत होती. सोमवार आला की मात्र माझी गंमत आटायची.

इकडच्या भागात सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणजे नाहीच. सगळ्या गावची जनावरं सुटी खात असताना हा एकटा खोगीर आवळायचा. देवळातल्या जाणत्यांनी त्याला एकदा फैलावर घेतलं होतं. तो म्हणाला, “बसवण्णाचा वार बैलाला. घोड्याचं कुठं सांगितलंय, दावा.”

तो पाच कोसांवरच्या कल्याणी गावाच्या वाटेनं मधल्या नाल्यापर्यंत जायचा आणि तिथूनच परतायचा. नाला कधी ओलांडायचा नाही. गावातली कुत्री एरवी माझ्यावर सुद्धा भुंकतात, पण त्या घोडीसमोर ती बाजूला होऊन बसायची. आणि एका सोमवारी आडावर पाणी भरणारी एक म्हातारी खोगिराकडं बघत अगदी सहज म्हणाली, “बरी हाईस न्हवं, अक्का?” मी मागं वळून पाहिलं. अक्का म्हणावं असं कुणी नव्हतं.

समोर राहणाऱ्या तुळजाक्काला मी विचारलं. तुळजाक्का गावची सुईण, देहानं भरभक्कम आणि बोलायला फटकळ.

“त्याची बायकू,” ती म्हणाली. “सा वर्सं झाली. सोमवारच्या दिवशी पोटात दुखाय लागलं. पोर अडलं. कल्याणीच्या दवाखान्यात न्या म्हणून मीच सांगितलं. पर ह्याच्या घरात सोमवारी जू न्हाई! बाप-आज्यापासनं न्हाई. दुपारपतुर थांबला. मग कुणी कुणी बोललं तवा गाडी जुंपली. त्या वाटंचे धोंडे, त्ये धक्के. नाल्याच्या अल्याडच गेली बिचारी. मग बैल दिऊन टाकले आन् ह्यो घोडा, ही घोडी आणली. तवाधरनं घोडीला चाल शिकवायलाय.”

“पण आता शिकवून काय उपयोग?” मी म्हणालो.

तुळजाक्कानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू शाळेत मास्तर कोण हाच तिला प्रश्न पडला होता. “तिला कल्याणीला न्यायचं ऱ्हायलंय न्हवं अजून?”

मी गणिताचा माणूस. असलं काही मी मानत नाही. तसं मी इंदूला त्या दिवशी तीनदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “एकदा सांगितलं तरी चाललं असतं.”

पण तांब्याचं काय करायचं? घोडी परत आली की शरणप्पा तांब्यात बोट बुडवून पाणी मोजायचा. निघताना काठोकाठ, येताना दोन बोटं कमी. मी म्हणालो, “सांडलं असेल.” त्यानं चुंबळ सोडून माझ्या हातात दिली. कोरडी ठाक. खोगीर कोरडं. “सांडत न्हाई आता,” तो म्हणाला. “पैल्यांदा लई सांडायचं. आता पितीया.” चेहऱ्यावर असं समाधान, जसं पोरगं मॅट्रिक पास झालंय.

पुढच्या सोमवारी मी माझा तांब्या काठोकाठ भरून तेवढाच वेळ उन्हात ठेवला. म्हटलं, पाण्याची वाफ होते हे ह्याला दाखवून देऊ. मोजलं, तर पाणी होतं तेवढंच. मग मी शाळेची लाकडी पट्टी घेऊन नाल्याकाठच्या वाळूत मल्लिगीच्या खुरांचे ठसे मोजले. रविवारी चाल शिकवतानाचे ठसे आणि सोमवारचे ठसे; दोन्ही दिवशी खोगीर तेच. सोमवारचे खोल होते. मी पट्टी धोतराला पुसली आणि सरळ घरी आलो. इंदूला काहीच सांगितलं नाही.

इंदू गरोदर होती. माहेरी पाठवायचं तर आठवा लागला होता, आणि आठव्यात बाईमाणसानं प्रवास करायचा नसतो. नववा लागला की नेऊ, असं आम्ही ठरवलं. आम्हीसुद्धा शहाणेच! नववा लागायच्या आतच, एका सोमवारी सकाळी, तिला कळा सुरू झाल्या.

तुळजाक्का आत गेली, बाहेर आली, हात धुतले. “पोर पायाळू हाय, मास्तर. ह्ये माझ्या हातचं न्हाई. कल्याणीला न्या, आत्ताच्या आत्ता.”

मी गाडीसाठी चार दारं पालथी घातली. कुणीही नाही म्हणालं नाही. पण सोमवार! बैल सगळे लांबच्या माळावर चरायला सोडलेले. “आणून जुंपतो की मास्तर, दुपारपतुर हुतंय.” दुपारपतुर! तुळजाक्कानं सांगितलेला तोच शब्द. मग मी पळालो. आयुष्यात तसा पळालो नाही. शरणप्पा गाव सोडून वाटेवरच्या चिंचेपर्यंत पोचला होता. पुढं मल्लिगी, रिकामं खोगीर, भरला तांब्या.

“अण्णा, घोडी द्या,” मी म्हणालो, आणि बाकीचं रडत रडत सांगितलं.

माझ्याकडं त्यानं पाहिलंच नाही. खोगिराकडं पाहत राहिला. मग फार हळू म्हणाला, “इळी.” कन्नडात इळी म्हणजे उतर. “इळी गं. आज मास्तरीणबाईला जायचं हाय. सोमवारच हाय.”

मल्लिगी पाय रोवून उभी राहिली. डावीकडच्या रिकिबीचा पट्टा ताणला गेला, अगदी खालपर्यंत, आणि मग सैल पडून हलत राहिला. वारं नव्हतं. मी तिथं होतो आणि मी पाहिलं. समजून घ्यायला मात्र वेळ नव्हता.

इंदूला गोधडी घालून मल्लिगीवर बसवलं. पण तुळजाक्काचं काय? ती काही पाच कोस चालणारी नव्हती. शेवटी तिला नवाबावर चढवलं. त्यासाठी आडावरचे चार गडी लागले. नवाब जन्मात पहिल्यांदा न कुरकुरता चालला. बहुतेक मागं वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

मल्लिगी रवाल चालत होती. इंदू नंतर म्हणाली, “मी जागीच बसलेय आणि वाटच मागं चाललीय, असं वाटत होतं.” मी एका बाजूनं तिला धरलं होतं. दुसऱ्या बाजूला शरणप्पा लगाम धरून चालत होता, पण घोडीला लागून नाही. मधे एका माणसाची जागा सोडून. अधूनमधून त्या जागेकडं बघून विचारायचा, “चालवतंय न्हवं?”

नाल्यापाशी मल्लिगी सवयीनं थांबली. आणि नेमकं तिथंच इंदू म्हणाली, “पाणी द्या हो.”

“पाणी न्हाई द्यायचं!” नवाबावरून तुळजाक्का ओरडली. “अडलेल्या बाईला पाणी चालत न्हाई!”

“जरा दम धर, इंदू,” मी म्हणालो. “आलंच कल्याणी.”

“मास्तर!” शरणप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडला की घोड्यांनी कान टवकारले. ह्या माणसानं माणसावर आवाज चढवलेला मी कधी ऐकलाच नव्हता. “मागितलं की द्यायचं! तिनं तीनदा मागितलं. चिंचंपाशी मागितलं, माळावर मागितलं आन् हितं मागितलं. समदे म्हणले देऊ नगं, म्हणून म्या दिलं न्हाई. तांब्या माझ्या हातात हुता, मास्तर. भरलेला.”

चुंबळीतला तांब्या काढून त्यानं इंदूच्या ओठाला लावला. “पी बाई. सावकाश पी.” ती प्यायली. उरलेलं पाणी त्यानं मधल्या त्या जागेत, धुळीत, धार धरून ओतलं. मग मल्लिगीला नाल्यात घातलं आणि मागं न बघता म्हणाला, “ये, तू बी ये.”

दुपारच्या आत दवाखान्यात मला मुलगी झाली. पायाळूच, पण खणखणीत. बाहेर लिंबाखाली शरणप्पा उकिडवा बसला होता. मी धावत जाऊन त्याला सांगितलं. मुलगी की मुलगा, हे त्यानं विचारलं नाही. “बाईला पाणी दिलं का?” एवढंच विचारलं.

इंदू गावात परत आली त्यानंतरचा पहिला सोमवार. त्यानं खोगीर आवळलं, तांब्या भरला, नाल्यापर्यंत जाऊन आला. मी भिंतीपाशी वाट बघत होतो. त्यानं बोट बुडवलं.

तांब्या काठोकाठ होता.

“थेंब सांडला नाही, अण्णा!” मी म्हणालो.

“सांडला न्हाई,” तो म्हणाला. “प्याली बी न्हाई.” मग त्यानं तांब्या मल्लिगीच्या दगडी डोणीत रिकामा केला. “भागली आसंल तहान. पोचली आसंल.” आणि तोंड घोडीच्या मानेत घालून तो ढसाढसा रडला. मला फार वाईट वाटलं. त्याची एवढी सोबत माझ्यापायी गेली, असंच वाटलं.

पुढच्या सोमवारी मल्लिगी गावच्या बैलांसारखी मोकळी उभी होती. खोगीर खुंटीला. आणि नेहमीच्या त्याच वेळी शरणप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. लगाम नव्हता ना! मग पाळण्याची दोरी दिसली, ती त्यानं धरली आणि हळूच एक झोका दिला. “पोटातलं पाणी हलाय नगं,” तो पुटपुटला.

इंदू आतून आली. त्यानं काही मागितलं नव्हतं. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला. शरणप्पानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यायला.