थोरल्या जावयाचं बेटदर्शन

मोताळ्याचे हिंमतराव आतापर्यंत अकरा लग्नांत रुसले होते आणि अकराही वेळा त्यांची समजूत काढावी लागली होती. उंद्रीच्या पुंजाजींचे ते थोरले जावई. जावई थोरला म्हटला की मान आला, आणि मान म्हटला की तो कुठं ना कुठं चुकतोच. तो चुकला की हिंमतराव तोंडातून अक्षर काढत नसत. ट्रंक उचलायची आणि तडक एस.टी. स्टँड गाठून बाकड्यावर बसायचं. मग मागून सात-आठ माणसं धोतराचे सोगे सावरत धावत यायची. कुणी पाय धरायचं, कुणी ट्रंक धरायचं, गाडी सुटता सुटता फेटा बांधला जायचा आणि हिंमतराव वाजतगाजत मांडवात परतायचे. देऊळगाव राजाचा कंडक्टर तर त्यांना बघितलं की तिकीटच फाडत नसे.

धाकटे जावई इंद्रभान हे सगळं भक्तिभावानं बघायचे. "साडूभाऊ, मानूस रुसावा तं तुमच्यासारका," असं म्हणायचे आणि शिकत राहायचे.

महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. त्या वैशाखात हिंमतरावांच्या मेहुण्याचं, वैजनाथचं लग्न ठरलं. वैजनाथ मुंबईला गोदीत कारकून. त्यानं पोरगी पसंत केली ती समुद्रातल्या एका बेटावरची, तिथल्या शाळेच्या नारायणराव मास्तरांची स्नेहलता.

"जमिनीवरच्या पोरी सरल्या होत्या काय बे?" हिंमतराव कडाडले. पण गेले. मान घ्यायला कुणीतरी जायलाच हवं होतं.

मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून बोट आणि शेवटी शिडाचा मचवा. या मचव्यानं वऱ्हाडाची पार दैना केली. पुंजाजी सासऱ्यांना बोट लागली आणि ते धोतरासकट आडवे झाले. हिंमतरावांनी मात्र ओकारी दाबून धरली. ओकल्या तोंडानं मान कसा घ्यायचा?

सकाळी सातला मचवा धक्क्याला लागला. नारायणराव मास्तर कुंकवाची वाटी आणि शहाळं घेऊन उभेच होते. हिंमतरावांनी टोपी मागं सरकवली, कपाळ पुढं केलं, डोळे मिटले. मास्तरांचं बोट त्यांच्या कपाळावरून पुढं गेलं आणि मागं उभ्या असलेल्या तांडेलाच्या, म्हणजे मचवा हाकणाऱ्याच्या कपाळाला लागलं. पहिलं शहाळंही त्याच्याच हातात गेलं.

"आमच्या बेटाची रीत आहे," मास्तर हसून म्हणाले. "माणसं सुखरूप आणली त्याचा मान पहिला."

आता यात चूक कुणाची, ते तुम्हीच सांगा. पण हिंमतरावांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या कानशिलाच्या शिरा ताठल्या. सगळे न्याहारीला वळले, तशी त्यांनी ट्रंक उचलली आणि ते परत धक्क्यावर येऊन बसले.

तासभर गेला, दोन तास गेले. कुणी धावत आलं नाही. दर वेळी माणसं गोळा करणारे पुंजाजी अंथरुणावर पडून घर फिरताना बघत होते. त्यात भरीस भर म्हणजे ओहोटी लागली. मचवा चिखलात कलंडला आणि समुद्र पार लांब निघून गेला. रुसलेल्या माणसाला सोडून समुद्रच जातो म्हणजे काय!

अखेर छत्री घेऊन एक गृहस्थ आले. ते नवरीचे काका, भालचंद्र. हिंमतरावांनी लगेच तोंड फिरवलं.

"अरे वा, धक्का बघायला आलात?" भालचंद्रकाकांनी खिशातून कागद काढला. "पाहुण्यांना दाखवायच्या जागांची यादी केलीय दादानं. धक्का पहिलाच आहे. साठ वर्षांचा आहे बरं का हा."

हिंमतराव फणकाऱ्यानं उठले. समोर टेकाडावर पडका बुरूज दिसला. तिथं चढून ते एका तोफेवर जाऊन बसले. घाम पुसतात न पुसतात तोच काका अख्खं वऱ्हाड घेऊन वर आले.

"ही तोफ. पाहुणे, जरा उठता का? सगळ्यांना दिसू द्या."

हिंमतराव दात खात उठले. पलीकडं उतरले आणि एका विहिरीच्या काठावर बसले. तर ती गोड्या पाण्याची प्रसिद्ध विहीर निघाली. पुन्हा तेच वऱ्हाड, तीच छत्री! इंद्रभान पोहऱ्यानं पाणी शेंदून सगळ्यांना वाटत होते. हिंमतरावांची बायको कोकिळा लोटा घेऊन आली.

"अवो, दर्याच्या काठाले असून गोड हाये पानी. प्या."

"मी रुसलो ना वो!"

"हाव, मले माईत हाये. पानी पिऊन घ्या आन मंग रुसा."

"कोनी समजावाले काऊन येत नाई?"

"त्यायले समजलंच नाई तुमी रुसले म्हनून. मी सांगू काय?"

"खबरदार! सांगून रुसतेत काय कुठं?"

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. त्यांनी भालचंद्रकाकांना बाजूला घेतलं. "कावो, तुमच्या गावात लग्नात कोनी रुसत नाई काय?"

काकांनी मनापासून आठवून बघितलं. "आमचे आजोबा रुसले होते म्हणतात एकदा. पण इथून रुसून जायचं कुठं? जेवणाच्या वेळी आले परत."

हे ऐकून हिंमतरावांचं टाळकंच सरकलं. हे गाव आहे की तुरुंग? ट्रंक उचलून ते तरातरा पश्चिमेच्या टोकाला निघाले. तिथं कोरड्या वाळूपलीकडं एक काळा कातळ होता. त्यावर ना तोफ, ना विहीर, ना बघण्यासारखं काही. गावाकडं पाठ करून ते बसले. मुहूर्त दिवेलागणीनंतरचा होता. थोरला जावई दिसला नाही की मांडवात बोंब होईल आणि झक मारत शोधत येतील, असा त्यांचा हिशेब. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. बसल्या बसल्या डोळा लागला.

जाग आली ती पाय भिजल्यानं. बघतात तर चारही बाजूंनी पाणी! वाळू गायब. मोताळ्याच्या माणसानं पूर बघितला होता, भरती नव्हती. ढग नाही, पाऊस नाही आणि पूर कसला? पाणी पोटरीला लागलं तसे ते ट्रंकेवर चढले. हाक मारावी तर रुसवा मोडतो, न मारावी तर जीव जातो. मान की जीव, असा सवाल आयुष्यात पहिल्यांदा इतका सरळ उभा राहिला होता. एक लाट ट्रंकेवर आपटली आणि उत्तर मिळालं.

"अबे धावा! इंद्रभान! मेलो!"

किनाऱ्यावर त्याच वेळी भालचंद्रकाका यादीतलं शेवटचं कलम दाखवायला वऱ्हाड घेऊन आले होते. सूर्यास्त. लाटांच्या आवाजात हाक कुठली ऐकू येणार? तांबड्या गोळ्यासमोर हात हलवणारा माणूस तेवढा दिसला.

"बघा, तुमच्या जावयांनी सगळ्यात झकास जागा पकडली," काका म्हणाले. वऱ्हाडानं कौतुकानं हात हलवले. हिंमतरावांनी दोन्ही हात हलवले. वऱ्हाडानंही दोन्ही हलवले. इंद्रभाननी तर टोपी उडवली.

"मूर्खहो, बुडतोय तो!" मागून तांडेल ओरडला आणि होडी पाण्यात लोटून निघाला.

कातळापाशी येऊन त्यानं हिंमतरावांना बकोटीला धरून आत घेतलं, पाठोपाठ ट्रंक घेतली. "इकडं कशाला आलात?"

"रुसलो होतो," हिंमतराव कुडकुडत म्हणाले.

"बरं. पाय वर घ्या."

दिवसभरात त्यांचा रुसवा मान्य करणारा हा पहिला माणूस.

होडी टेकली तेव्हा सगळा मांडव किनाऱ्यावर जमला होता. कोकिळानं एव्हाना सगळं सांगून टाकलं होतं. नारायणराव मास्तर कुंकू, शहाळं आणि फेटा घेऊन पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. "जावईबापू, माझं चुकलं. पहिला मान तुमचाच." आणि दोनशे माणसांसमोर ते खरंच वाकले.

सकाळपासून जे ऐकायला हिंमतराव उन्हातान्हात वणवण भटकले, ते हेच होतं. पण त्यांचा भडकाच उडाला.

"काईच्या काई बोलू नोका मास्तर! मानसं सुखरूप कोनं आनले? मी तं धड सोताले आनू शकलो नाई. पह्यले त्याले लावा टिळा!" आणि मास्तरांच्या हातातलं शहाळं हिसकून त्यांनी ते तांडेलाच्या हाती कोंबलं.

तोच गर्दीतून इंद्रभानचा आवाज चढला.

"वा रे वा! नावाड्याले दोनदा मान, आन धाकट्या जवायाले एकदाबी नाई? चाललो मी!" त्यांनी पिशवी काखोटीला मारली आणि अगदी साडूच्याच चालीनं ते धक्क्याकडं निघाले. सात-आठ माणसं त्यांच्यामागं धावायला निघाली.

"कोनी जाईल तं तंगडं मोडीन!" ओलं धोतर पिळत हिंमतराव गरजले. "जिथं एस.टी. जात नाई तिथं रुसू नये, इतकीबी अक्कल नाई काय त्याले?"

तांडेल शहाळं खाली ठेवून उठला. "मी आणू का समजावून?"

"राहू द्या," हिंमतराव म्हणाले. "तुमचा मचवा सकाळी सुटते न? तवपर्यंत त्याचं समदं बेट पाहून होते."