महामूत्रपिंडाचे लोकार्पण

डेस पॅस्को यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवले, ही बाब ताराबिंगा गावाने अत्यंत गांभीर्याने घेतली. म्हणजे समिती नेमली.

ताराबिंग्यात दुसरी पद्धतच नव्हती. वणवा लागला की समिती, गव्हावर उंदरांची धाड आली की समिती, फुटबॉलचा संघ हरला की चौकशी समिती. डेसने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. समितीतल्या निम्म्या लोकांना त्याने लहानपणी बसमध्ये मारामारी केली म्हणून खाली उतरवले होते, त्यामुळे गावाचा त्याच्यावर जीव होता. आता तो आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन यंत्राला जोडून घेई आणि रक्त धुवून घरी परते. कोणाची तरी किडनी मिळावी म्हणून त्याचे नाव प्रतीक्षायादीत होते.

'ताराबिंगा मूत्रपिंड जनजागृती समिती'चे अध्यक्षपद अर्थातच लायल हारग्रेव्हकडे गेले. लायल मेंढ्यांच्या लिलावात बोली पुकारून निवृत्त झाला होता. त्याच्यापुढे माइक ठेवणे हा केवळ उपचार असे. फुटबॉल क्लब, अग्निशमन दल, शेतकी प्रदर्शन या सगळ्यांचा अध्यक्ष तोच. बोलिंग क्लबाच्या हॉलमधल्या पहिल्या सभेत तो म्हणाला, "मंडळी, डेसला किडनी हवीय. ती कधी मिळणार? लोक जागे होतील तेव्हा! म्हणून आधी जागृती."

टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर डेसची बायको ग्लेनिस उठली. "इथं बसलेल्यांपैकी अवयवदानाला नाव किती जणांनी नोंदवलंय?"

सभा एकदम बिस्किटांकडे वळली. हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही, असे चिटणीसांनी निदर्शनास आणले. लायलने मात्र मोबाइल उंच धरला. "मी नोंदवलंय! पहिल्याच दिवशी, चहाला उकळी यायच्या आत. आणि आणखी एक सांगतो, माझा नि डेसचा रक्तगट एकच आहे!"

हे वाक्य इतके गाजले की पुढे प्रत्येक भाषणाचा शेवट लायल त्यावरच करू लागला.

"मग जिवंतपणीच दे की एक," मागून कोणीतरी ओरडले. "दोन आहेत तुला."

"दिली असती रे, लेका," लायल म्हणाला, "पण माझी ही पाठ..." आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली.

जागृती शनिवारी सकाळी होई. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शेगडी लावून सॉसेज भाजायचे, पावात घालायचे, वर परतलेला कांदा. शेजारी घडीच्या खुर्चीत डेसला बसवायचे, म्हणजे आपण कशासाठी खातो आहोत ते लोकांना कळे. डॉक्टरांनी डेसला मीठ, बटाटा, केळे, राजमा आणि मुख्यतः सॉसेज वर्ज्य केले होते, पाणीसुद्धा मोजून. तो वासावर बसे. जमलेल्या पैशातून समितीने आणखी मोठी शेगडी घेतली, कारण आधीची लहान पडत होती.

"आज जरा तरतरीत दिसतोयस," एका शनिवारी लायल काळजीने म्हणाला. "असं करू, खुर्ची उन्हात घेऊ."

डेसने खुर्ची उन्हात घेतली. तो भिडस्त माणूस होता. आपल्यासाठी एवढा गाव राबतो आहे म्हटल्यावर नाही कसे म्हणायचे?

अशी जागृती वाढत वाढत जवळजवळ संपूर्ण झाली. किडनीचे चित्र नसलेला टॉवेल गावात उरला नाही. तेव्हा आता पुढे काय, असा प्रश्न आला. उत्तर खरे तर सगळ्यांच्या मनात पूर्वीपासूनच होते. शेजारच्या किल्डोना गावात हमरस्त्यालगत सिमेंटचा दुमजली महाबटाटा उभारलेला होता. येणारे-जाणारे गाडी थांबवून त्याच्यापुढे फोटो काढत, चहा पीत, पैसे खर्च करत. आपल्या गावात विशाल असे काहीच नाही, ही ताराबिंग्याची जुनी ठसठस होती.

"महामूत्रपिंड!" लायलने घोषणा केली. "बटाट्यापेक्षा एक वीत उंच."

डावे की उजवे यावर तीन बैठका झाल्या. अखेर गुरांच्या डॉक्टरांनी डावे जरा वर असते असा निर्वाळा दिला आणि ते एकमताने संमत झाले. मग परवानगीसाठी नगर परिषदेचा अधिकारी पाहणीला आला. त्याने नियमावली उघडली आणि तोंड वाकडे केले.

"विशाल वस्तूंचे तीनच प्रकार मंजूर आहेत. फळभाजी, पशुपक्षी आणि शेतमाल. अवयव यात बसत नाही."

"मग आम्ही करायचं काय?"

अधिकाऱ्याने नकाशा आडवा धरला, उभा धरला. "आकार बघता राजमा म्हणून बसेल. शेतमालात घालू. फक्त फलकावर तसं लिहावं लागेल."

अशा रीतीने महामूत्रपिंड कडधान्य म्हणून मंजूर झाले. तसे होताच राजमा उत्पादक संघाने अनुदान दिले. अनुदान मिळाल्यावर संघाचे बोधचिन्ह फलकावर आले, आणि बोधचिन्ह आल्यावर किडनीला जागा उरली नाही. बेकरीने 'महाराजमा पॅटिस' काढले. शनिवारी खुर्चीपाशी थांबून प्रवासी डेसला विचारू लागले, "काका, राजमा तुमच्याच शेतातला का?"

"नाही," डेस म्हणे. "मला चालत नाही."

या धामधुमीत डेसचे पाऊल सुजून बुटात जाईनासे झाले होते. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून स्वच्छ सांगितले, "डेस, हृदय दमत चाललंय. आणखी खचलं तर शस्त्रक्रिया झेपणार नाही आणि तुझं नाव यादीतून काढावं लागेल. किडनी लवकर मिळायला हवी." घरी येताना ग्लेनिसने गाडी चालवली. ती सगळी वाट रडली आणि वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली म्हणाली. काचा बंद होत्या.

लोकार्पणाचा दिवस ठरला तो नेमका डेसचा यंत्राचा दिवस निघाला.

"एक दिवस पुढे ढकल ना मशीन," लायल म्हणाला. "तूच नसलास तर लोकार्पण कसलं?"

"लायल," ग्लेनिस म्हणाली, "तुला ह्याच्यासाठी किडनी हवीय की ह्याची खुर्ची?"

"असं काय बोलतेस, ग्लेनिस!" लायल मनापासून दुखावला. "दोन्ही."

डेसने यंत्र पुढे ढकलले. बँड आला, नगराध्यक्ष आले, राजमा संघाची मंडळी टाय लावून आली. लायलचे भाषण रक्तगटापर्यंत जाऊन टाळ्यांत संपले. त्याने दोरी ओढली, पण उत्तरेच्या वाऱ्याने आच्छादन वर गाठीसारखे अडकून बसले. अग्निशमन दलाचा अध्यक्ष या नात्याने लायल स्वतः शिडीवर चढला. पाठीचा त्याला त्या दिवशी काही त्रास नव्हता. त्याने एक जोराचा हिसका दिला. आच्छादन खाली आले आणि त्याच्यासोबत लायलही. डोके कोनशिलेवर आपटले. कार्यक्रमाचा भाग असेल असे वाटून मागच्या रांगा काही वेळ टाळ्या वाजवत राहिल्या.

हेलिकॉप्टर त्याला शहरात घेऊन गेले. दोन दिवसांनी बातमी आली, मेंदू संपला आहे, श्वास आणि हृदय यंत्रावर चालू आहे.

डेस स्वयंपाकघरात बसला होता. त्याला लायलसाठी खरोखर वाईट वाटत होते. पोरवयात लायललाच त्याने बसमधून सर्वांत जास्त वेळा उतरवले होते. पण त्या वाईट वाटण्याच्या मागून आणखी एक विचार डोके वर काढत होता, आणि त्याची डेसला इतकी लाज वाटली की त्याने ग्लेनिसकडे पाहिले नाही. रक्तगट एकच. नोंदणी केलेली. ग्लेनिसही त्याच्याकडे पाहत नव्हती. ती दाराजवळ झाडत होती, आणि झाडता झाडता तिने रुग्णालयाची भरलेली पिशवी दाराशी आणून ठेवली. फोन टेबलावर मधोमध होता.

तो एकदाच वाजला. बेकरीवाला विचारत होता, अंत्यविधीनंतर पॅटिस किती लागतील.

अंत्यविधीनंतर सगळे बोलिंग क्लबात जमले. लायलची बायको थेल्मा स्वतः ताट घेऊन फिरत होती. चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन तिने डेसपुढे केले. मग आठवून ताट मागे घेतले. "अरे हो, तुला चालत नाही. बस, डेस. काय सांगू, शेवटी त्या डॉक्टरांनी मला फार छळलं."

"कशावरून?" डेसने विचारले. त्याला कशावरून ते ठाऊक होते.

"म्हणाले, नोंदणीत ह्यांचा होकार आहे, पण आम्ही घरच्यांना विचारल्याशिवाय काही करत नाही. घरात कधी बोलले होते का? आता तूच सांग, लायल घरात असायचा कधी? आला की जेवला, जेवला की झोपला. मी म्हटलं, मला तर कधी अवाक्षर बोलला नाही. मोबाइलवर त्यानं व्यायामशाळेलाही होकार दिला होता. एक दिवस फिरकला नाही. तो होकार कसा धरायचा? म्हटलं, राहू दे. उगाच त्याच्या मनाविरुद्ध नको."

"थेल्मा," डेस हळू म्हणाला, "तो दर शनिवारी बोलायचा. माइकवर."

"ते गावाला रे," थेल्मा म्हणाली. "मला नाही. शनिवारी माझं टेनिस असतं." तिने त्याच्या हातावर हात ठेवला, डोळे भरले होते. "तुला मिळणार असती ना, तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. विचारलंसुद्धा मी. तर म्हणे, कोणाला जाईल ते सांगता येत नाही. आता परक्या माणसाला कोण देतं?"

डेसला पुष्कळ बोलायचे होते. पण समोर विधवा बाई होती आणि तिच्या हातात केकचे ताट होते. तो म्हणाला, "खरंय."

तेवढ्यात चिटणीसांनी पेला चमच्याने वाजवला. दिवंगत अध्यक्षांच्या कार्याला साजेसे स्मारक व्हावे असा ठराव होता. मूत्रपिंडे निसर्गतः दोन असतात आणि गावात सध्या केवळ डावे आहे, ही उणीव त्यांनी नजरेस आणून दिली. उजवे मूत्रपिंड लायलच्या नावाने उभारायचे ठरले. शेतमालात ते आपोआप बसणार होते. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि डेसच्या खुर्चीला गादी बसवावी अशी दुरुस्तीही मंजूर झाली.

परतीच्या वाटेवर ग्लेनिसच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "जन्म काढला एका छपराखाली! एक वाक्य बोलता येत नाही माणसाला? 'थेल्मा, मी गेलो तर माझं सगळं देऊन टाक.' झालं! भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला जेवढा वेळ लागतो तेवढा. पण नाही! गावभर बोंब आणि घरात मौनव्रत. आणि ती, ती विचारू शकत नव्हती?"

डेस गाडी चालवत होता. त्या दिवशी त्याला बरे वाटत होते, म्हणून तिने चालवू दिली होती. रस्त्याकडेला महामूत्रपिंड उन्हात चकाकत होते आणि कोणाची तरी पोरे त्याच्यापुढे फोटोला उभी होती. ती पोरे त्याला इतक्या दुरून स्पष्ट दिसली, तेव्हा त्याच्या मनात आले, आपल्या शरीरात डोळे अजून उत्तम आहेत. अवयवदानाच्या नोंदणीचे आपण कधी बघितलेच नाही. सगळा वेळ घेण्याच्या यादीत गेला.

त्याने घसा साफ केला. "ग्लेनिस, ऐक. उद्या मी गेलो ना, तर माझे डोळे..."

"गप रे!" ग्लेनिस कडाडली. "आत्ता कुठे मातीवरून येतोय आपण, काहीतरी अशुभ बोलू नकोस. समोर बघून चालव."

"बरं," डेस म्हणाला.

"रात्री काय खाशील?"

"अंडं कर. बिनमिठाचं."

विषय पुन्हा कधीतरी काढू, असे त्याने मनाशी ठरवले. सवडीने, घरात सगळ्यांचे मूड चांगले असताना. तुम्हीही तसेच ठरवले असेल.